चार औंस

एका रात्रीसाठी देत नाहीत हे घर.
किमान दोन, असं लिहिलंय.
दोन रात्रींचे पैसे भरले,
किल्लीच्या डबीवरचे आकडे जुळवले
आणि एलुनेड आत्याच्या दुकानात शिरलो.
दारावर घंटा नव्हती,
त्यामुळे आत आल्यासारखं वाटेना.

गल्ला होता तिथे आता पलंग.
बरण्यांच्या फळीवर शिंपले मांडलेत.
समुद्र इथून बावीस मैल.

तोलताना आत्या श्वास धरायची.
एका पारड्यात चार औंसांचं वजन,
दुसऱ्यात पेपरमिंट, एकेक, टप टप,
आणि काटा मध्यावर येता येता
नेमकी एक गोळी जास्त व्हायची.
मग अडकित्त्यासारखं काहीतरी होतं तिच्याकडे,
त्याने ती तीच गोळी तोडायची.
अर्धी पारड्यात, अर्धी डब्यात.
गाव म्हणायचं, एलुनेड देवाकडूनही सुटे मागून घेईल.
पोस्टातली सेरिदवेन पॅरी तर पुडी नेऊन
पत्रांच्या काट्यावर पुन्हा तोलायची.
कधी काही सापडलं नाही तिला,
याचाच राग जास्त.

डब्यातल्या अर्ध्या माझ्या.
रविवारी चॅपलात, प्रवचन नरकापर्यंत पोचलं की
आत्याचा हातमोजा माझ्या मुठीवर यायचा.
बरणीतल्या गोल गोळ्या गिऱ्हाइकांच्या,
घरच्या गोळीला एक बाजू तुटकीच असते,
अशी माझी समजूत.
जिभेला जरा कापायची ती.
मला वाटे, पेपरमिंटची चवच तशी.

इद्वाल आतोबा खाणीत पाटीचा दगड चिरायचा.
छिन्नी लावण्याआधी दगडाला कान लावायचा.
दगड सांगतो, म्हणायचा, कुठून उलगडू ते.
नाताळात टॉफीची लादी फोडायला त्यालाच बोलवायचे,
तीच छिन्नी, गरम पाण्यात धुतलेली,
आणि दरवर्षी तो हरायचा.
साखरेला रेघ नसते रे,
तिच्या मनाला येईल तिथे फुटते,
तुझी आत्या बघ ना.
हसता हसता खोकायचा.
तो खोकला थांबेस्तोवर
आत्या बरण्यांची घट्ट असलेली झाकणं
पुन्हा घट्ट करत राहायची.

गोड खाऊवरचं रेशन उठलं त्या फेब्रुवारीत
दुपारी दोनच्या आत दुकान रिकामं.
कूपनं कापायची कात्री खुंटीला, बेकार.
मी शाळेतून धावत, तरी उशिराच,
काचेला नाक लावून उभा.
आत आत्या स्टुलावर, बूट काढून बसलेली,
पाय सुजलेले,
आणि आतोबा एकेका बरणीत हात घालून
तळाची साखर बोटाने पुसत होता
आणि तिला भरवत होता.
त्या हाताला तीनच बोटं होती.
बरण्या अकरा.
मी घंटा वाजवली नाही.

लिव्हरपूलला पहिल्या पगारात
पाव पौंड घेतले, कागदाच्या पुडीत,
आणि ट्रामच्या थांब्यावर अख्खी गोळी तोंडात टाकली.
सगळीकडून गोल.
जीभ फिरत राहिली तिच्याभोवती
अनोळखी घराभोवती फिरावं तशी,
दार कुठे ते कळेना.
शेवटी दाढेखाली धरून फोडली.

पलंग मऊ आहे. झोप नाही.
छपरावर पाटीचेच दगड,
त्यातला एखादा आतोबाने चिरलेला असेल, नसेलही.
पाहुण्यांच्या वहीत लोकांनी लिहिलंय:
गरम पाणी उत्तम. शांतता. कुत्र्याला आवडलं.
मी पेन घेतलं, टोपण काढलं,
टोपण लावलं.

उजाडताच निघालो.
एक रात्र उरली होती, पैसे भरलेली.
ती तिथेच ठेवली.
दार ओढून घेतलं,
किल्ली डबीत टाकली
आणि आकडे विस्कटले.